गाण्यामागची घूंऽऽ आणि घरातलं अर्थिंग : माझा अनुभव

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. घर जुनं, वर टिनाचं छप्पर. मी जुनी मराठी भावगीतं गिटारवर गातो. पेटी, तबला, व्हायोलिन सगळं बाजूला ठेवून नुसती गिटार आणि गळा. माइक, ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी), सॉफ्टवेअर हे सगळं दोन दिवसांत लागलं. अडलं ते एका आवाजापाशी. त्यात माझे तीन महिने गेले आणि त्याचा राग अजून मनात आहे.

हेडफोन लावला की मागे सतत घूंऽऽ. गात असताना तितकं जाणवायचं नाही, पण दोन ओळींच्या मध्ये श्वास घेतला की तेच वर यायचं. गिटारला पिकअप आहे, म्हणजे तारांची थरथर पकडणारा भाग, आणि ती केबलने इंटरफेसला जोडतो. केबलच्या जॅकच्या धातूला बोट लावलं की घूं कमी व्हायची, बोट काढलं की परत. खूण सरळ होती, पण मला तेव्हा ती वाचता आली नाही.

केबल बदलली. दुसरी केबल आणली, तीही बदलली. ज्या दुकानातून इंटरफेस घेतला तिथे फोन केला तर म्हणाले, पाठवून द्या. पाठवला. २४ दिवस तो तिकडे पडून होता. मी दर दोन दिवसांनी फोन करायचो आणि दर वेळी नवा माणूस पहिल्यापासून सगळं विचारायचा. शेवटी ‘मशीनमध्ये दोष नाही’ अशी चिठ्ठी लावून परत आला. तुमच्या घरचं अर्थिंग एकदा बघून घ्या, एवढं एक वाक्य त्यांच्यापैकी कोणी बोललं असतं तर माझं काम तिथेच झालं असतं. रोज अशीच यंत्रं हाताळणाऱ्यांना हे माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

बाकीचे सांगायचे, सॉफ्टवेअरमध्ये नॉइज काढून टाक. तेही केलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घूं ५० वर असते, आणि तिच्या पटीत १०० वर, १५० वर. नुसते ५० कापता येतात, कारण गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते, त्याखाली आपलं काही नसतं. पण चौथी तार १४७ वर आणि तिला खेटून ही १५० ची घूं. ती काढायला गेलो की तार मेल्यासारखी वाजायची, आणि माझा खालचा षड्ज विहिरीतून आल्यासारखा. त्या काळात केलेली सहा गाणी मी पुसून टाकली.

डिसेंबरात एका रात्री दुसरं कडवं चालू असताना लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी आहे, कशीबशी दहा मिनिटं चालते, म्हणून चार्जर कायम लावलेलाच असायचा. अंधारात मी गात राहिलो आणि हेडफोनमध्ये एकदम शांतता झाली. नखाचा तारेला लागलेला स्पर्शसुद्धा ऐकू येत होता. लाइट आल्यावर घूं परत आली. तेव्हा कळलं की हे चार्जरमधून येतंय. अनवाणी बसलो की लॅपटॉपच्या कडेला हाताला झिणझिण्या यायच्या, त्याचंही कारण हेच.

वायरमन तीन आठवड्यांनी आला. बोर्ड उघडला आणि म्हणाला, “भाऊ, यात तिसरी वायरच नाई टाकली. निस्तं भोक हाय.” तिसरी म्हणजे अर्थिंगची, यंत्राच्या धातूत सुटलेला करंट जमिनीत नेणारी. वीस वर्षांपूर्वी ज्याने वायरिंग केलं त्याने पैसे तीन वायरींचे घेतले होते, हे बाबांना पक्कं आठवतं. या घरात आम्ही इतकी वर्षं कूलरला ओले हात लावत आलोय.

मग अंगणात खड्डा, त्यात पाइप, भोवती मीठ आणि कोळशाचे थर, आणि तिथून बोर्डापर्यंत हिरवी वायर. संध्याकाळी चार्जर लावला, आवाज पूर्ण वाढवला, डोळे मिटून बसलो. काहीही नाही. आईला हाक मारून हेडफोन तिच्या कानाला लावला.

कोणी म्हणेल, न्यूट्रल (करंट परत जाण्याची वायर) आणि अर्थिंग बोर्डातच जोडून टाका, खर्च वाचेल. अजिबात करू नका. न्यूट्रल कुठे तुटली तर करंट थेट यंत्राच्या धातूत उतरतो. आणि तुमच्याकडे घूं असेल तर काहीही विकत घेण्याआधी चार्जर काढून बॅटरीवर एक मिनिट रेकॉर्ड करून बघा.

खोलीचं सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर भाव येईपर्यंत आमच्या समोरच्या खोलीत कापूस भरलेला असतो. एरवी टिनाखाली आवाज घुमतो, पण त्या ढिगाशेजारी गायलं की भिंत आवाज परत पाठवतच नाही. आई ओरडायची, “काऊन रे तिथीसा बसतं, अंगाले खाज सुटन ना!” खाज सुटते, खरं आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसायचं. माइक गिटारसमोर ठेवणार असाल तर भोकासमोर नको, तिथे आवाज बदबद येतो; गिटारच्या दांडीवरच्या बाराव्या पट्टीसमोर (फ्रेटसमोर) वीतभर लांब ठेवा.

दुसऱ्याचा कराओके ट्रॅक वापरू नका, सगळं स्वतः वाजवा. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, तो प्रकाशनानंतर ६० वर्षं. शब्द आणि चालीचा हक्क गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे रेकॉर्ड कितीही जुनी असली तरी गाणं मोकळं झालेलं असेलच असं नाही. गाणं नेटवर टाकण्याआधी दोघांचीही मृत्यूची सालं बघून घ्या.

मार्चमध्ये कापूस विकला आणि खोली पुन्हा घुमायला लागली. आता भिंतींना गोधड्या टांगल्यात. एप्रिलमध्ये आमची काळी माती तडकते, ओल गेली की अर्थिंग कमजोर पडतं आणि घूं हळूच परत येते. म्हणून तुळशीला पाणी घालताना आई एक बादली त्या खड्ड्यातही ओतते.