ब्रिटनमध्ये डायटिशियन व्हायचंय? आधी कोर्सचं नाव नीट वाचा

ब्रिटनमध्ये 'न्यूट्रिशनिस्ट' अशी पाटी कुणीही लावू शकतं. 'डायटिशियन' ही पाटी मात्र कायद्याने राखीव आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी, यांच्या नोंदवहीत नाव नसताना स्वतःला डायटिशियन म्हणवणं हा इथे गुन्हा ठरतो. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या विद्यार्थ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान हा फरक माहीत नसल्यामुळे होतं, म्हणून सुरुवात इथूनच.

होतं असं. बीएस्सी होमसायन्स किंवा फूड सायन्स अँड न्यूट्रिशन झालेली मुलगी एजंटकडे जाते. एजंट एक वर्षाचा 'एमएस्सी क्लिनिकल न्यूट्रिशन' सुचवतो. कोर्स चांगला असतो, विद्यापीठ नावाजलेलं असतं, फी भरली जाते. डिग्री हातात आल्यावर कळतं, की या कोर्सला एचसीपीसीची मान्यताच नाही. रुग्णालयात डायटिशियनच्या जागेसाठी अर्जही करता येत नाही. संशोधन, अन्न उद्योग, सार्वजनिक आरोग्य ही दारं उघडी राहतात आणि तीही मोलाची आहेत. पण वॉर्डात काम करायचं स्वप्न असेल तर वर्ष आणि पैसे दोन्ही गेले.

डायटिशियन व्हायला जो कोर्स लागतो त्याच्या नावात बहुधा 'डायटेटिक्स' असतं आणि पदव्युत्तर असेल तर 'प्री-रजिस्ट्रेशन' हे शब्द असतात. तो साधारण दोन वर्षांचा असतो. पदवीपासून सुरुवात केली तर तीन ते चार वर्षं. एचसीपीसीच्या वेबसाइटवर मान्य कोर्सची यादी आहे. तिथे व्यवसाय 'डायटिशियन' निवडायचा, विद्यापीठ शोधायचं आणि कोर्सचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते पाहायचं. एकाच विद्यापीठात मान्यता असलेला आणि नसलेला असे दोन्ही कोर्स शेजारी शेजारी असतात, त्यामुळे विद्यापीठाच्या नावावर भरवसा ठेवून चालत नाही. किंग्ज कॉलेज लंडन, लीड्स बेकेट, ग्लासगो कॅलेडोनियन, एडिंबरोचं क्वीन मार्गारेट, कार्डिफ मेट्रोपॉलिटन ही डायटेटिक्स शिकवणारी काही विद्यापीठं. कोर्सची नावं आणि मान्यता बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशीची यादी पाहावी.

प्रवेशासाठी नुसती विज्ञानाची पदवी पुरत नाही. त्या पदवीत शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र पुरेसं शिकलात, हे गुणपत्रिकेवरून दिसावं लागतं. बऱ्याच मराठी विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर विषयाचं नाव 'पेपर ४' एवढंच असतं. तेव्हा महाविद्यालयाकडून विषयवार अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत आधीच काढून ठेवा. इथे आल्यावर ती मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. जोडीला पोलीस पडताळणी, हिपॅटायटिस बी आणि गोवर-रुबेलाच्या लसींची नोंद आणि क्षयरोगाची तपासणी. लसींची कागदपत्रं अपुरी असली तर प्लेसमेंट, म्हणजे रुग्णालयातला प्रत्यक्ष कामाचा सराव, पुढे ढकलली जाते आणि मग सगळं वर्षच घसरतं.

भारतात इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन, ही परीक्षा झालेल्यांचा नेहमीचा प्रश्न: ती इथे चालते का? आपोआप चालत नाही. एचसीपीसीच्या आंतरराष्ट्रीय मार्गाने अर्ज करता येतो. तुमचं शिक्षण आणि अनुभव ते आपल्या निकषांशी एकेक करून ताडून पाहतात. इंटर्नशिपमध्ये कोणत्या वॉर्डात किती काम केलं, कोणत्या प्रकारचे रुग्ण पाहिले, हे जितकं तपशिलात लिहून आणाल तितकं बरं. 'सहा महिने इंटर्नशिप पूर्ण केली' या एका ओळीच्या प्रमाणपत्रातून त्यांना काहीच कळत नाही.

आता शिक्षणाबद्दल. पहिल्या सत्रात भारतीय विद्यार्थी पोषणशास्त्रात अडत नाहीत, एककांत अडतात. आपल्याकडे रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतात, इथे मिलिमोल प्रति लिटरमध्ये. ग्लुकोजला १८ ने भागायचं: आपली १८० म्हणजे इथली १०. पण १८ हा आकडा फक्त ग्लुकोजचा. मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनला ८८.४ ने गुणायचं, म्हणजे १.२ चे १०६ मायक्रोमोल होतात. फॉस्फेटला साधारण ३.१ ने भागायचं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, इथे टक्क्यांत न लिहिता मिलिमोल प्रति मोलमध्ये लिहितात, ६.५ टक्के म्हणजे ४८. आणि वयस्कर रुग्ण वजन सांगतात स्टोनमध्ये: १ स्टोन म्हणजे ६.३५ किलो. ही कोष्टकं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत आणि प्लेसमेंटच्या आधी तोंडपाठ करावीत. वॉर्डात कागद शोधायला वेळ नसतो.

प्लेसमेंट हा या शिक्षणाचा कणा. एकूण सुमारे १,००० तास प्रत्यक्ष कामाचे असतात, ते टप्प्याटप्प्याने वाढत्या जबाबदारीचे. जागा विद्यापीठ ठरवतं. कॉलेज एका शहरात आणि रुग्णालय दोन तासांवर, असं सर्रास होतं, म्हणून प्रवासाचा आणि कधी कधी दुसऱ्या खोलीच्या भाड्याचा खर्च पहिल्यापासूनच धरून चाला.

प्लेसमेंटमध्ये नापास होणारे बहुतेक जण ज्ञानात कमी नसतात. त्यांची नोंद कच्ची असते. रुग्णाला भेटल्यावर त्याच्या कागदात जे लिहाल त्याला एक ठरलेली बांधणी असते: अडचण काय, तिचं कारण काय, कशावरून म्हणता. 'वजन कमी झालं आहे, सूप्लिमेंट द्यावं' एवढ्यावर भागत नाही. 'गिळताना दुखत असल्याने खाणं निम्म्यावर आलं, परिणामी ऊर्जा अपुरी. ३ महिन्यांत वजन १७ टक्क्यांनी घटलं' असं लिहिलं की पुढचा माणूस तुमच्या उपायाची पारख करू शकतो. दुसरी अडचण उपदेशाची. आपल्याकडे डॉक्टर-डायटिशियन सांगतात आणि रुग्ण मान डोलावतो. इथे रुग्णाला आधी विचारायचं: तुम्हाला काय हाक मारू, तुम्हाला स्वतःला काय बदलावंसं वाटतं, काय जमेल. मग गप्प राहून ऐकायचं. हे ऐकणं गुणांकनात असतं, आणि ते रास्तच आहे, कारण जमणार नाही असा आहार कागदावर कितीही बिनचूक असला तरी पोटात जात नाही.

हे काम किती नाजूक आहे ते एका सरावाच्या उदाहरणावरून पाहू. बाई ५८ वर्षांच्या, उंची १.६० मीटर, वजन ३८ किलो, ३ महिन्यांपूर्वी ४६ होतं. अन्ननलिका अरुंद झाल्याने खाणं फार कमी. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, १४.८. वजनातली घट १७.४ टक्के. कुपोषणाचा धोका मोजायला ब्रिटनभर वापरल्या जाणाऱ्या 'मस्ट' तपासणीत १८.५ च्या खालच्या बीएमआयला २ गुण आणि १० टक्क्यांवरच्या घटीला २ गुण. झाले ४. दोन किंवा त्याहून जास्त गुण झाले की धोका मोठा.

नवख्या विद्यार्थ्याच्या मनात येतं, बाई इतक्या खंगल्यात, भरपूर द्या. नेमका इथेच जीव जाऊ शकतो. बरेच दिवस उपाशी राहिलेलं शरीर चरबीवर चालत असतं. अचानक पिष्टमय अन्न आत गेलं की इन्शुलिन वाढतं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून भराभर पेशींत ओढलं जातं. त्याच वेळी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, झपाट्याने खर्च होतं. हृदयाची लय बिघडते, श्वासाचे स्नायू थकतात, अंगावर सूज येते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस या ब्रिटिश संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे बीएमआय १६ च्या खाली, किंवा ३ ते ६ महिन्यांत १५ टक्क्यांवर घट, किंवा १० दिवसांहून जास्त जवळजवळ उपास, किंवा रक्तातले हे क्षार आधीच कमी, यांतलं एकही असलं तरी धोका मोठा. या बाईंना दोन लागू.

म्हणून सुरुवात दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त १० कॅलरींनी. ३८ किलोला ३८० कॅलरी. नाकातून नळी असेल आणि फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, १ मिलिलिटरला १ कॅलरीचं असेल, तर दिवसाला ३८० मिलिलिटर, २० तास पंप चालवला तर ताशी १९ मिलिलिटर. आकडा इतका छोटा दिसतो की नातेवाईक घाबरतात. त्यांना कारण समजावून सांगणं हेही तुमचंच काम. फीड सुरू होण्याच्या लगेच आधीपासून पहिले १० दिवस थायमिन, तोंडाने असेल तर दिवसाला २०० ते ३०० मिलिग्रॅम, सोबत बी गटाची बाकी जीवनसत्त्वं. औषध डॉक्टर लिहितात, पण आठवण तुम्ही करायची. क्षार कमी आहेत म्हणून ते भरून येईपर्यंत फीड थांबवायचं, असंही नाही. दोन्ही बरोबरच चालतं. रोज रक्त तपासून ४ ते ७ दिवसांत हळूहळू चढत पूर्ण गरजेपर्यंत जायचं. इथे ती किलोला ३० धरली तर १,१४० कॅलरी, ताशी ५७ मिलिलिटर. १०० मिलिलिटरला ४ ग्रॅम प्रथिनं असलेल्या फीडमधून तेव्हा सुमारे ४५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. रुग्णालयागणिक नियम थोडे बदलतात, म्हणून वॉर्डात गेल्यावर आधी तिथली मार्गदर्शिका उघडावी.

या हिशेबात एक चूक पुन्हा पुन्हा होते. बाईंना सलाईन लावलेली असते. बाटली ५ टक्के डेक्स्ट्रोजची असेल तर लिटरभरात ५० ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे १७० ते २०० कॅलरी. तुम्ही ३८० ठरवल्या आणि जवळजवळ निम्म्या आणखी शिरेतून गेल्या, त्याही निव्वळ साखरेच्या आणि कदाचित थायमिनच्या आधी. म्हणून नोंद करण्याआधी सलाईनचा तक्ता पाहायचाच. अतिदक्षता विभागात प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध चालू असेल तर त्यातही १ मिलिलिटरला १.१ कॅलरी असतात, चरबीच्या रूपात.

वजनही डोळे झाकून घ्यायचं नाही. पोटात पाणी झालेल्या रुग्णाच्या वजनातून ते पाणी वजा करावं लागतं: थोडं असेल तर सुमारे २.२ किलो, मध्यम असेल तर ६, खूप असेल तर १४. उभं राहता न येणाऱ्याची उंची कोपर ते मनगटाच्या हाडावरून काढतात. दंडाचा घेर २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर बीएमआय २० च्या खाली असण्याची शक्यता धरतात. या साध्या टेपच्या मापांना कमी लेखू नका. यंत्र असूनही वजन न घेतलेले रुग्ण प्रत्येक वॉर्डात असतात.

आपल्या मुलांचं घरचं ज्ञान उपयोगी पडतं ते गिळण्याच्या त्रासात आणि मधुमेहात. ब्रिटनच्या रुग्णालयांत २०१९ पासून गिळायला त्रास असलेल्यांचं खाणं-पिणं ० ते ७ अशा जागतिक पायऱ्यांत मोजतात. पाचवी पायरी म्हणजे बारीक आणि ओलसर: मोठ्या माणसासाठी तुकडे ४ मिलिमीटरपर्यंत. मग वरणभात चालेल, असं आपल्याला सहज वाटतं. चालत नाही. पातळ वरण आधी घशात वाहून जातं आणि भाताची शितं मागे राहतात. असं दोन प्रकारचं मिश्रण सांभाळणं कमजोर घशाला सगळ्यात अवघड. शितं मोकळी सुटली तरी वाईट आणि भात चिकट गोळा झाला तरी वाईट. वरण दाट घोटून त्यात भात नीट एकजीव करायचा, ताटात पाणी सुटू द्यायचं नाही. हे आजींच्या सुनेला मराठीत सांगणारा माणूस वॉर्डात असला तर तो घास सुखरूप उतरतो.

मधुमेहात इन्शुलिनचा डोस जेवणातल्या कर्बोदकांच्या ग्रॅमवर ठरवतात, बहुधा १० ग्रॅमच्या हिशेबात. ब्रेडच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो. पोळीवर नसतो. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं. ६५ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे ४५. म्हणजे १० ग्रॅमला १ युनिट लागत असेल तर एका भाकरीला साडेचार आणि पोळीला दोन. 'एक पोळी' असं लिहून घेतलं आणि ती घडीची मोठी पोळी निघाली, तर साखर चढलेली आणि रुग्ण मात्र बोलणी खाणार. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी जास्त वजनाची रेषा इथल्या मार्गदर्शिकेतही बीएमआय २३ वर आणि लठ्ठपणाची २७.५ वर आहे, हेही आपल्या माणसांपैकी अनेकांना माहीत नसतं.

शेवटची परीक्षा पार पडली की विद्यापीठ उत्तीर्णांची यादी एचसीपीसीला पाठवतं, तुम्ही स्वतः वेगळा अर्ज आणि शुल्क भरता आणि नोंदणी क्रमांक मिळतो. मान्य ब्रिटिश कोर्स केलेल्यांना इंग्रजीचा वेगळा पुरावा एचसीपीसी मागत नाही. बाहेरून अर्ज करणाऱ्यांना आयईएलटीएसमध्ये एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नाही, असं लागतं. एनएचएस, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, पहिली नोकरी बँड ५ या वेतनश्रेणीची. नोंदणी दर दोन वर्षांनी नवी करायची आणि काय नवं शिकलात याची नोंद ठेवायची. पाहणीसाठी ती कुणाकडूनही मागवली जाते.

निघण्याआधी घरी एक काम करून या. वजनकाटा ओट्यावर ठेवा. आई रोज घेते तेवढंच पीठ एका भाकरीचं, एका पोळीचं, एका थालीपिठाचं, आणि वाटीभर शिजलेला भात, पोहे, साबुदाण्याची खिचडी: सगळं ग्रॅममध्ये मोजून वहीत लिहून घ्या, शक्यतो तीन-चार घरांतलं. ही मापं इथल्या छापील तक्त्यांत तुम्हाला अशी सापडणार नाहीत.