चेनसॉ सुरू होत नव्हती, २३ दिवस गेले आणि दोष निघाला वीतभर नळीत

मे महिन्यात माझी चेनसॉ एका सर्व्हिस सेंटरच्या मागच्या खोलीत २३ दिवस पडून होती आणि तेवढ्या दिवसांत तिचं खरं दुखणं तिथे कुणी बघितलंच नाही. अजून ते डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय. कुणाची मशीन अशीच खांदा दुखेपर्यंत दोरी ओढूनही सुरू होत नसेल तर त्याचे पैसे आणि दिवस वाचावेत.

मशीन घेतली ती निसर्ग वादळानंतर. २०२० च्या ३ जूनला आमच्या दापोलीकडच्या वाडीत सुपाऱ्या अशा आडव्या झाल्या होत्या की घरातून रस्त्यावर यायला वाट नव्हती, आणि कटरवाला एक, गिऱ्हाईकं अख्खा तालुका. तेव्हाच ठरवलं की स्वतःची घ्यायची आणि स्वतः चालवायला शिकायचं. शिकले. १६ इंची पट्टीची आहे, सरपण, वाळक्या फांद्या, पडलेले माड सगळं मी करते, बाबांना आता जमत नाही.

या वर्षी एप्रिलअखेर आगोटीची कामं काढली. परड्यातल्या फणसाची एक सुकी फांदी बरोबर न्हाणीघराच्या कौलांवर आलेली, पावसाआधी ती काढायलाच हवी होती. मशीन काढली, एकदा सुरू झाली, दहा-पंधरा मिनिटं चालली, मग रेस आपोआप वाढली आणि बंद. त्यानंतर काही केल्या सुरू होईना.

घरी जे करता येतं ते सगळं केलं. प्लग काढला तर कोरडा, म्हणजे पेट्रोल वर येत नाहीये. (ओला निघाला असता तर मशीन ओव्हर झालीय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय, असं समजायचं, मग चोक बंद करून, रेस पूर्ण दाबून दहा-बारा वेळा दोरी ओढायची, नाहीतर प्लग काढून मशीन उलटी धरून आतलं पेट्रोल बाहेर काढायचं.) प्लग कॅपला लावून त्याचा धातूचा भाग सिलिंडरवरच्या धातूच्या पात्यांना (फिन्सना) टेकवला आणि दोरी ओढली, निळी ठिणगी छान पडत होती. हे करताना प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते. एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवून बसवला. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढून नवा लावला. जुनं पेट्रोल ओतून टाकून ताजं मिक्स (पेट्रोलमध्ये कालवलेलं टू-टी ऑइल) घातलं. टाकीचं झाकण सैल करून पाहिलं, कारण हवेचं भोक बुजलं असेल तर झाकण सैल केल्यावर सुरू होते. तरी नाही. मग म्हटलं आता कार्बोरेटरचं काम आहे, ते आपल्याला नको, आणि गेले सर्व्हिस सेंटरला. आमच्यापासून गाडीने दोन तास.

काउंटरवरच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "मशीन चालवतं कोण?" मी म्हटलं मी चालवते. त्याने जॉब कार्डवर फक्त "स्टार्टिंग प्रॉब्लेम" लिहिलं. मी सांगत होते की चालता चालता रेस वाढते मग बंद पडते, प्लग कोरडा आहे, फिल्टर नवीन टाकलाय, ते सगळं लिहून घ्या. म्हणाला, "ते मेकॅनिक बघेल मॅडम." मेकॅनिक जेवायला गेलेला. पाऊण तास थांबले, मग "तुम्ही जा, फोन करतो."

फोन आलाच नाही. चौथ्या दिवशी मी केला, तर अजून उघडली नाही. आठव्या दिवशी, कार्बोरेटर गेलाय, बदलावा लागेल, पार्ट पुण्याहून येणार. मी विचारलं कशावरून गेला, आतला डायफ्राम (पातळ पडदा) कडक झालाय का, सुई अडकतेय का? "ई-२० पेट्रोलमुळे सगळ्यांचेच जातायत" एवढंच उत्तर. आता पेट्रोलचं म्हणणं खोटं नाही, पंपावर हल्ली २० टक्के इथेनॉलवालंच मिळतं, माझ्या मशीनच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलंय, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, रबर खराब करतं. पण माझ्या मशीनमध्ये नेमकं काय खराब झालंय ते उघडून दाखवायला नको का? पुढे रोज फोन. पार्ट निघालाय, पार्ट आलाय पण मेकॅनिक सुट्टीवर आहे, उद्या नक्की. इकडे आभाळ भरून यायला लागलेलं, आई रोज त्या फांदीकडे बघायची.

पंधराव्या दिवशी मशीन मिळाली. बिल २,८५० रुपये, त्यात कार्बोरेटर २,४००. जुना कार्बोरेटर मी मागून घेतला, देत नव्हते, पण अडून राहिले. समोर सुरू करून दाखवली, तिसऱ्या दोरीला सुरू. मी खूश होऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली, बाजूच्या बारीक फांद्या तोडल्या, वीसेक मिनिटांत परत तसंच! रेस वाढली, बंद. परत दोरी, परत काही नाही.

दुसऱ्यांदा दोन तास गाडी चालवत गेले. त्यांनी टाकी भरली, दोरी ओढली, सुरू. मग तो काउंटरवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "मशीन ओके आहे, तुमची ओढायची पद्धत चुकते. घरात कुणी पुरुष माणूस असेल तर त्याला पाठवा, आम्ही शिकवतो." पाच वर्षं मी ती मशीन चालवतेय. माझा आवाज चढला, चढायलाच हवा होता. शेवटी "ठेवून जा, परत बघतो" म्हणाले, आणि आणखी आठ दिवस गेले. त्यानंतर "काही फॉल्ट नाही" असं लिहून मशीन परत.

आमच्या बाजारात एक काका आंब्याचे फवारणी पंप आणि ग्रासकटर दुरुस्त करतात. चेनसॉ त्यांच्याकडे फारशा येत नाहीत म्हणून मी आधी गेलेच नव्हते, ही माझी चूक. त्यांनी मशीनला हातही लावायच्या आधी विचारलं, "ताई, बंद पडते तेव्हा टाकीत पेट्रोल किती असतं?"

मी तिथेच उभी राहून आठवायला लागले. सर्व्हिस सेंटरला दोन्ही वेळा टाकी काठोकाठ होती. घरी बंद पडायची ती दर वेळी अर्ध्यावर आल्यावर. आणि घरी मी कधीच टाकी गच्च भरत नाही, जेवढं काम तेवढंच मिक्स घालते.

काकांनी टाकी अर्धी रिकामी केली आणि पेट्रोल वर खेचायचा जो पारदर्शक रबरी फुगा असतो तो दाबायला लावला. दाबतेय तर बुडबुडे संपेचनात. चांगल्या मशीनला पाच-सहा दाबांत फुगा पेट्रोलने भरतो आणि बुडबुडे थांबतात. मग त्यांनी टाकीतून नळी बाहेर ओढली. काळी, वीतभर, वरून अगदी धड दिसणारी. टाकीच्या भिंतीतून जिथे ती आत शिरते त्याच्या जरा खाली अंगठ्याने वाकवली, आणि केसाएवढी चीर उघडली. सोडली की मिटायची. टाकी भरलेली असली की चीर पेट्रोलात बुडलेली, मशीन सुरू. पेट्रोल खाली गेलं की त्या चिरेतून हवा ओढली जायची. रेस वाढायची ती त्यामुळेच, हवा जास्त पेट्रोल कमी. अशी मशीन रेटून चालवू नका हं, टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच पोचतं, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, पिस्टन धरून बसेल.

नळी ८० रुपये. मजुरी घेत नव्हते, जबरदस्तीने १०० दिले. अर्धी टाकी, दुसऱ्या दोरीला सुरू झाली आणि काकांच्या दारात माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच. आणि ऐका, घरी येऊन मी जुना कार्बोरेटर परत बसवून पाहिला. त्याच्यावरही मशीन मस्त चालते. म्हणजे ते २,४०० रुपये उगाचच गेले. म्हणून बदललेला पार्ट नेहमी मागून घ्या, आणि जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिल्याशिवाय सही करू नका.

सांगायचं राहिलं, दोरी ओढताना सगळ्यात जास्त चूक चोकची होते. पूर्ण चोकवर ओढायचं ते पहिला "फट्" आवाज येईपर्यंतच, तो आला की चोक अर्धा करायचा, नाहीतर ओव्हर होणारच. मशीन जमिनीवर, चेन ब्रेक लावलेला, उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या दांड्यावर. हातात लोंबकळत धरून झटका देतात तसं अजिबात करू नका. मिक्स ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली टू-टी ऑइल, तुमच्या पुस्तिकेत काय दिलंय ते बघा. पावसाळ्यात ठेवताना टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मी आधी हे करत नव्हते आणि ती नळी त्यामुळेच लवकर गेली असं काकांचं म्हणणं. सायलेन्सरची जाळी काजळीने बुजली तरी सुरू व्हायला त्रास देते, तीही वर्षातून एकदा ब्रशने साफ करा.

फांदी त्याच संध्याकाळी तीन तुकड्यांत खाली काढली, दोर बांधून, एकही कौल न फुटता. नळी आणायला जाताना जुना तुकडा सोबत न्या, आतला व्यास जरा जरी मोठा आला तरी परत हवा घेते.