भरतीचं चाक आणि रेकॉर्डचं कव्हर

ठाणे खाडीतल्या आवाजांची एलपी काढायचं आमच्या गटाने ठरवलं. पहिल्या बाजूला भरती, दुसऱ्या बाजूला ओहोटी. प्रती ३००, तबकड्या परदेशातून दाबून येणार. कव्हरचं काम माझ्या गळ्यात पडलं, खरं तर मीच ते ओढून घेतलं. साधं कव्हर म्हणजे साडेएकतीस सेंटिमीटरचा चौकोनी लिफाफा. कुठलाही प्रेसवाला ते डोळे मिटून करून देईल. मला त्यात फिरणारं चाक हवं होतं.

चाकाची कल्पना चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांमुळे सुचली. ऐरोलीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला बोटीने जायचं तर पाणी भरलेलं लागतं, आणि चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचे आवाज हवे असतील तर पाणी उतरलेलं. त्यामुळे रेकॉर्डिंगची प्रत्येक खेप भरतीची वेळ बघून ठरायची. आम्ही मोबाइलवर तक्ते शोधत होतो, तर काका म्हणाले, "कशाला रे? तिथीला तिनाने गुण, चाराने भाग. झाली भरतीची वेळ." अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. हे मुंबईच्या किनाऱ्याचं ढोबळ गणित. खाडीत आत पाणी पोचायला आणखी उशीर होतो. दोन्ही पक्षांच्या मिळून तिथी ३०, म्हणजे वर्तुळाचे बारा-बारा अंशांचे ३० भाग. चाक फिरवायचं, एका खिडकीत चंद्राची कला दिसणार, दुसऱ्या खिडकीत भरतीची वेळ. कागदावर तरी इतकं सोपं होतं.

असं चाक लेड झेपेलिन या रॉक बँडच्या १९७० सालच्या तिसऱ्या अल्बमच्या कव्हरमध्ये आहे, त्यामुळे मी काही अमेरिका शोधत नव्हतो. पण प्रेसवाल्यांकडे जाण्याआधी मी अशाच इतर बँडच्या जुन्या करामती कव्हरांनी काय काय घोळ घातले ते वाचून काढलं. स्मॉल फेसेसचं १९६८चं कव्हर तंबाखूच्या डबीसारखं गोल होतं, ते दुकानाच्या फळीवर ठरायचं नाही, घरंगळायचं. पब्लिक इमेज लिमिटेडने १९७९मध्ये तीन तबकड्या फिल्मच्या डब्यासारख्या पत्र्याच्या डब्यात घातल्या. त्या धड बाहेर काढणं हीच परीक्षा. द्युरुटी कॉलमने १९८०मध्ये सँडपेपरचं कव्हर काढलं. शेजारच्या कव्हरांचा सत्यानाश व्हावा हाच हेतू होता, म्हणजे निदान प्रामाणिकपणा होता. माझ्या सगळ्यात उपयोगी पडली ती रोलिंग स्टोन्सच्या १९७१च्या 'स्टिकी फिंगर्स'च्या कव्हरवरची खरीखुरी चेन, म्हणजे झिप. गठ्ठे एकावर एक रचले की चेनचा हुक वरच्या तबकडीत रुतायचा. उपाय असा निघाला की चेन अर्धी खाली ओढूनच माल पाठवायचा. मग हुक मधल्या लेबलवर टेकतो आणि गाणी वाचतात.

हा उपाय मी जसाच्या तसा उचलला. चाकाला मधोमध रिव्हेट लागणारच, आणि रिव्हेट म्हणजे टेंगूळ. चाकाचा मध्य तबकडीच्या मध्यावर आणला की टेंगूळ लेबलवर येतं. लेबल दहा सेंटिमीटर व्यासाचं, तबकडी लिफाफ्यात सेंटिमीटरभर इकडेतिकडे सरकली तरी रिव्हेट खाचांपर्यंत पोचत नाही. सगळी मांडणी या एका बिंदूभोवती केली. कलेच्या दृष्टीने चाक उजवीकडे सरकवलेलं जास्त छान दिसलं असतं. दिसू दे.

वागळे इस्टेटमध्ये प्रेस आणि खोके बनवणारे भरपूर, पण ३०० नग म्हटलं की बहुतेकांचा रस तिथेच संपतो. "हजारच्या खाली मशीनला हात लावत नाही," हे उत्तर पाठ झालं. शेवटी काम घेतलं ते लग्नपत्रिकावाल्याने. पत्रिकेत उघडणारे दरवाजे, सरकणारी पालखी, फिरणारा गणपती असं सगळं तो आधीच करत होता. डमी हातात घेऊन म्हणाला, "नवरा-नवरीची नावं कुठे टाकायची?" मग स्वतःच हसला.

डायवाला मात्र गंभीर माणूस. प्लायवूडमध्ये लेझरने खाच पाडायची, त्यात पोलादी पट्टी वाकवून ठोकायची, म्हणजे डाय, पुठ्ठा कापायचा साचा. त्याने पहिल्याच बैठकीत विचारलं, "दादा, चाक पावसाळ्यात फिरणार ना?" पुठ्ठा दमट हवेत फुगतो, आणि सगळीकडून सारखा फुगत नाही: तंतूंच्या दिशेने कमी, आडवा जास्त. त्यामुळे गोल चाक जुलैत किंचित लांबट होतं आणि कडेला अडतं. त्यातच एका बाजूने लॅमिनेशन केलं की पापडासारखा बाक येतो. त्याच्या सांगण्यावरून चाकाला दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन केलं आणि भोवती तीन मिलिमीटर मोकळीक ठेवली. पुढच्या-मागच्या थरांनी चाक दाबू नये म्हणून कडांना कप्पा बोर्डाच्या, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या, पट्ट्या लावल्या. या पट्ट्या माझ्या चित्रात कुठेच नव्हत्या, पण त्यांच्याशिवाय चाक हललंही नसतं. डमी मी मुद्दाम आषाढात, खिडकीशी ठेवून बघितली.

पेस्टिंग किसननगरच्या बायकांनी घरी केलं. डिंक पट्टीबाहेर आला तर चाक कायमचं एका तिथीला चिकटतं. त्यातल्या एका ताईंनी आपणहून प्रत्येक नग शेवटी अमावस्येवर आणून ठेवायला सुरुवात केली. चाक मोकळं फिरलं याची खूणही झाली आणि गठ्ठाही एकसारखा दिसला. पीस रेट ठरवताना मी हे फिरवणं धरलं नव्हतं, ते त्यांनी वाढवून घेतलं आणि ते रास्तच होतं.

चांदीची फॉइल मात्र खर्च बघून आधीच काढून टाकली. न्यू ऑर्डर या बँडच्या १९८३च्या 'ब्लू मंडे'बद्दल अशी गोष्ट सांगतात की फ्लॉपीसारखं कापलेलं ते कव्हर इतकं महाग पडलं की प्रत्येक विक्रीवर कंपनीला तोटा व्हायचा. गोष्ट कितीही रंगवलेली असो, आमच्याकडे तोटा सोसायला कंपनी नव्हती.

पाठवणीच्या वेळी तबकडी कव्हरच्या आत न ठेवता, तिच्या कागदी पाकिटासकट मागे वेगळी ठेवतो. कुरिअरमध्ये खोकं आपटलं की आतल्या तबकडीच्या कडेने कव्हरची शिवण फाटते, आणि आमच्या शिवणीत चाकही अडकलेलं. सोबत एक चिठ्ठी असते: आजची तिथी पंचांगात बघा, चाक लावा, ठाण्यात राहत असाल तर वेळ थोडी पुढची धरा.