‘पॉवर किती काढली?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: चाकांवर 138 अश्वशक्ती.

आकडा ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो, याची आता सवय झालीय. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, ‘मग इंजिन उघडून केलंस काय?’ रास्त आहे. गाडी फियाटची अबार्थ पुंटो. कंपनीनेच 145 दिलेले, आणि इंजिन निकामी होण्याआधी मीच भेटेल त्याला 180 सांगत फिरायचो. कंपनीचा आकडा फ्लायव्हीलचा, म्हणजे थेट इंजिनच्या टोकाशी मोजलेला असतो, माझा डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चाकांपाशी मोजलेला, म्हणजे गिअरबॉक्सने खाल्लेलं वजा करून. तरीही आज गाडी कंपनीपेक्षा फार तर चार पावलं पुढे आहे. मुद्दाम तशी ठेवलीय.

2015च्या ऑक्टोबरात ही गाडी आली तेव्हा किंमत दहा लाखांच्या आत होती. 1368 सीसीचं छोटंसं टर्बो इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि हातात रस्ता कळवणारं जुन्या पद्धतीचं हायड्रॉलिक स्टेअरिंग. बनायची आपल्या रांजणगावात, महागणपतीच्या गावाला. मी सेकंडहँड घेतली आणि महिन्याभरात रीमॅप करून आणली, म्हणजे जास्त पॉवरसाठी इंजिनच्या संगणकातल्या सेटिंग बदलून घेतल्या.

इंजिन गेलं ते चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर. 3.7 किलोमीटरची फेरी, मार्च महिना, दुपारचं सत्र. तेव्हा मी पुण्याहून गाडी चालवतच न्यायचो. बंगळुरूपर्यंत 100 ऑक्टेनचंच पेट्रोल भरत आलो होतो. ऑक्टेन जास्त, तेवढं पेट्रोल आपणहून भडकायला कठीण. बंगळुरूच्या पुढे टाकी खाली आली तेव्हा शोधायचा कंटाळा केला आणि समोर दिसला त्या पंपावर साधं 91चं भरलं. रीमॅप होता जास्त ऑक्टेनसाठी. त्यात टर्बोची गरम हवा थंड करणारा कंपनीचा इंटरकूलर दोन-तीन लॅपमध्येच तापून नुसती शोभेची वस्तू होतो. गरम हवा, हलकं पेट्रोल, वाढवलेला बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब. ठिणगी पडल्यावर आग नीट पसरायच्या आत कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपणहून भडकतं आणि पिस्टनवर हातोडा बसावा तसा दणका बसतो. यालाच नॉकिंग म्हणतात. इंजिनचा संगणक ते ऐकून ठिणगी मागे घेतो, म्हणजे थोडी उशिरा पाडतो, पण ‘पॉवर खुलावी’ म्हणून रीमॅप करणाऱ्याने तो लगाम सैल करून ठेवला होता. तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं होतं! हेल्मेटच्या आत मला काही ऐकू आलं नाही. पाचव्या लॅपला आरशात निळा धूर दिसला, तेव्हा कळलं.

पुण्यात आल्यावर मेस्त्रीने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबून धरतो ते, बघितलं. तीन सिलिंडर 160 पीएसआयच्या आसपास, तिसऱ्या नंबरचा 70. मग त्याने त्यात कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि मला म्हणाला, ‘सर, कान लावा.’ सायलेन्सरमधून फुसफुस आली तर व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट. आवाज येत होता ऑइलच्या झाकणातून. म्हणजे हवा पिस्टनच्या कडेने खाली उतरत होती. हेड काढून पिस्टन बाहेर घेतला, तर दोन रिंगांच्या मधला काठ नखाएवढा तुटलेला. तो पिस्टन आज माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

ब्लॉक, म्हणजे इंजिनचा सिलिंडर असलेला भाग, घेऊन सिलिंडर कापून देणाऱ्या बोरिंगवाल्या चाचांकडे गेलो. मी आधीच अर्धा मेलो होतो. चाचांनी ब्लॉकवर बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘बिडाचा आहे, रडू नका. पण पिस्टन कुठाय?’ मी म्हटलं, मागवायचाय, तुम्ही तोवर बोअर करून ठेवा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी माप न देता शर्ट शिवायला टाकलाय. आधी पिस्टन हातात, मग त्याच्या मापाचा बोअर. मी मागवणार होतो तो फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेला पिस्टन तापल्यावर ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फुगतो, म्हणून भिंतीशी जागा थोडी जास्त सोडावी लागते. थोडी म्हणजे केसाच्या जाडीएवढी. कमी सोडली तर अडकतो, जास्त सोडली तर ऑइल पितो.

पिस्टन यायला दोन महिने लागले. फियाटने भारतातून गाशा गुंडाळलाय आणि रांजणगावच्या कारखान्यात आता जीप बनतात. त्यामुळे रांजणगावात जन्मलेल्या गाडीचा टायमिंग बेल्ट मी इटलीहून मागवतो आणि त्यावर कस्टम ड्युटी भरतो. असो.

आले तेव्हा चाचांनी मायक्रोमीटरने चारही पिस्टन मोजले, त्यांच्यावर मार्करने आकडे टाकले आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनसाठी कापला. शेवटी होनिंग. भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उठल्या, त्यात ऑइल धरून राहतं. उन्हात धरल्यावर पैठणीच्या पोतासारखं चमकत होतं. मी फोटो काढला. चाचा हसले.

बाकीचा पैसा गेला उष्णतेवर आणि थांबण्यावर. मोठा इंटरकूलर, थर्मोस्टॅट असलेला ऑइल कूलर, ऑइलच्या तापमानाचा वेगळा मीटर. बूस्ट खाली आणला, ठिणगीचा लगाम पुन्हा घट्ट केला.

ब्रेकचा धडा इंजिनच्याही आधीचा. मुख्य सरळ पट्ट्याच्या शेवटी, ताशी 150च्या वर असताना पेडल दाबलं आणि पाय थेट फरशीला टेकला. पायाखाली काहीच नव्हतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबल्यावर थोडं पकडलं, तोवर मी मातीत उतरलो होतो. डॉट 4चं ब्रेक ऑइल कोरं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषत राहतं आणि मुरलं की 155लाच उकळू शकतं. बुडबुडे झाले की पाय दाबतो ती वाफ, ब्रेक नाही. माझं ऑइल आधीच्या मालकाच्या काळातलं होतं. सर्व्हिसला कुणी बदललं नाही, आणि मी विचारलंही नाही. आता प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी चारही चाकांचं ऑइल बदलतो. यात हजारभर रुपये जातात, आणि या अख्ख्या गाडीत याहून स्वस्त सुधारणा नाही.

फरक किती पडला? पूर्वी तिसऱ्या लॅपनंतर गाडी दमायची. आता वीस मिनिटांचं सत्र संपेपर्यंत सगळे लॅप सारखे. आणि 180वाल्या गाडीपेक्षा 138वाली दोन सेकंदांनी पुढे आहे. त्यातलं बरंचसं टायर आणि कॅम्बरचं, म्हणजे चाकांच्या तिरपेपणाचं, हे कबूल करायला हवं.

हौशींसाठी एक सांगतो. असले बदल करून रस्त्यावर गाडी हाकणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52मध्ये बसत नाही. 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. म्हणून ती आता ट्रॅकवर फ्लॅटबेडवरून जाते. साडेअकराशे किलोमीटरचं भाडं मी घरी अजून पूर्ण सांगितलेलं नाही. एकूण खर्चाची वही होती, दुसऱ्या पानावर बेरीज करणं सोडलं.

एरवी ती सोसायटीच्या पार्किंगमध्येच असते. रविवारी सकाळी फक्त चालू करतो. पिस्टन गार असतो, केसाएवढी जागा मोकळी असते, त्यामुळे पहिली काही मिनिटं इंजिन टकटक करतं. तापलं की गप्प. वॉचमनकाका दर रविवारी तेवढ्या वेळात बरोबर येऊन उभे राहतात आणि हळहळत म्हणतात, ‘एवढं करूनसुद्धा आवाज काही गेला नाही, नाही का?’