फिजिओची चिठ्ठी कोणी द्यावी?

आपल्याकडे ठाण्यात गुडघा धरला की आधी ऑर्थोपेडिककडे नंबर, मग चिठ्ठी, मग फिजिओ. हा फेरा दरवेळी कशाला? जबडा अडकत असेल तर दंतवैद्याने, बाळंतपणानंतर खोकताना लघवी सुटत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाने थेट पाठवावं. साध्या मानदुखीला फॅमिली डॉक्टर पुरे.

घोळ होतो तो चिठ्ठीत. ‘फिजिओ, १० दिवस’ एवढ्यावरून काय कळणार? निदान, उजवा की डावा, ऑपरेशनची तारीख, रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर (असेल तर करंटची मशीन परस्पर लावायची नाही) हे हवंच. आणि पायावर भार किती: अजिबात नाही, थोडा की पूर्ण? हे नसलं की फिजिओ बिचारा पलंगावरचेच व्यायाम देत बसतो.

कंबरदुखीबरोबर बैठकीच्या जागी बधिरपणा किंवा लघवी अडत असेल तर चिठ्ठी कोणाचीच नको. त्याच दिवशी हॉस्पिटल. ऑपरेशननंतर एकच पोटरी सुजून दुखत असेल तर मालीश बंद, आधी डॉपलर (पायाच्या शिरांतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी). आत गुठळी असू शकते.

विम्याचं गणित वेगळं. डिस्चार्जनंतरच्या फिजिओचं बिल लावायचं असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरचा सल्ला डिस्चार्ज कार्डावरच लिहून घ्या.