वाचायचं एकीकडे, बोलायचं दुसरीकडे

बातम्या, आवडीच्या विषयांवरचे लेख, ओळखीच्यांच्या गप्पा, सगळं माझ्यापर्यंत एकाच ॲपमधून यायचं, आणि तेही त्या ॲपच्या मर्जीने. ज्यांना मुद्दाम फॉलो केलं त्यांच्या पोस्ट गायब आणि न मागितलेले व्हिडिओ मात्र रांगेने हजर. शेवटी दोन कामांची फारकत करायचं ठरवलं. वाचायला फीड रीडर, बोलायला मॅस्टोडॉन हे सोशल नेटवर्क.

फीड रीडर ही काही नवी भानगड नाही. तो ज्यावर चालतो त्या आरएसएस या फॉरमॅटची पहिली आवृत्ती नेटस्केप या ब्राउझर कंपनीने १९९९ मध्ये आणली. १ जुलै २०१३ ला गुगल रीडर बंद झाला, तेव्हा अनेकांनी या प्रकाराला परस्पर श्रद्धांजली वाहून टाकली. पण पॉडकास्ट आजही मुळात आरएसएसवरच चालतात, ऐकणाऱ्याला ते जाणवत नाही इतकंच. आतलं काम अगदी साधं. साइटवर एक फाइल असते, तिलाच फीड म्हणतात. तिच्यात नव्या मजकुराचे मथळे, तारखा आणि दुवे असतात, कधी अख्खा लेखही. रीडर अधूनमधून ती फाइल बघून येतो आणि नवं काही असलं तर पुढ्यात ठेवतो. क्रम तारखेप्रमाणे.

फीडचं केशरी चिन्ह हल्ली साइटवर क्वचितच दिसतं. पण बहुतेक रीडरना साइटचा नेहमीचा पत्ता दिला तरी ते फीड हुडकून काढतात. नाहीच सापडलं तर पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडून ‘आरएसएस’ किंवा ‘ॲटम’ (फीडचाच दुसरा फॉरमॅट) ही अक्षरं शोधायची. यूट्यूबच्या चॅनलला आणि अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या साइटवरच्या प्रत्येक विषयालाही फीड असतं. मोठ्या बातम्यांच्या साइटचं सरसकट फीड मात्र घेऊ नये, बाकीचं सगळं त्याखाली गाडलं जातं. मी एखाददुसऱ्या विभागाचंच घेते. ‘न वाचलेले’ हा आकडा तर सेटिंगमध्ये जाऊन बंदच करून टाकला. वाचन म्हणजे थकबाकी नव्हे.

रीडर निवडताना एकच गोष्ट कसोशीने तपासली. फीडची सगळी यादी ओपीएमएल फाइलमध्ये (अशा याद्या नेण्या-आणण्याचा फॉरमॅट) उतरवून घेता येते का, आणि ती दुसऱ्या रीडरमध्ये नीट चढते का. चढली. मग बिनघोर झाले.

मॅस्टोडॉनने जास्त वेळ खाल्ला. ऑयगेन रोखको या जर्मनीतल्या प्रोग्रामरने ते २०१६ मध्ये सुरू केलं. त्यात एक कंपनी, एक साइट असा मामला नाही. वेगवेगळ्या माणसांनी चालवलेले असंख्य सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलने एकमेकांशी बोलतात. हा प्रोटोकॉल जानेवारी २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक आहे. पत्ता ईमेलच्या धर्तीवर दोन भागांचा, आधी नाव आणि मग सर्व्हर. त्यामुळे पहिल्याच पायरीला प्रश्न येतो की खातं कुठे उघडायचं. पुष्कळ जण इथूनच परत फिरतात, आणि त्यांना दोष द्यावासा वाटत नाही.

मी प्रत्येक सर्व्हरचं ‘अबाउट’ पान वाचत गेले. चालवतं कोण, खर्च कसा भागतो, नियम काय, कोणकोणते सर्व्हर अडवलेत आणि का. नियमांच्या जागी दोन गुळमुळीत ओळी दिसल्या की पुढे सरकायचं. जो निवडला त्याने ‘का यायचंय?’ असं विचारलं. दोन वाक्यं लिहिली, दुसऱ्या दिवशी मंजुरी आली.

आत गेल्यावर सगळं सुनसान. इथे तुमच्यासाठी निवडून देणारं कुणी नाही, हे तेव्हा खरं कळतं. हॅशटॅग फॉलो करायची सोय आहे, ती वापरली तेव्हा पान हळूहळू भरू लागलं. पसंतीचं बटण दाबून पोस्ट कुणापुढे जात नाही, ती पुढे न्यायची तर बूस्ट करावी लागते. शोधाचंही वेगळंच. ज्यांनी परवानगी दिली आहे त्यांचाच मजकूर शब्दाने शोधता येतो. सवय होईपर्यंत चिडचिड होते, पण मला ते पटलं.

दगडावर वाढलेल्या दगडफुलाचा एक फोटो टाकला होता. न दिसणाऱ्यांसाठी फोटोचं वर्णन लिहायची तिथे पद्धत आहे. ते लिहिताना पहिल्यांदाच नीट पाहिलं: रंग पिवळा-नारिंगी, कडा पातळ पानासारख्या, मध्ये दाटीवाटीने बशीच्या आकाराचे ठिपके. दुसऱ्याच सर्व्हरवरच्या एका अनोळखी बाईंनी त्या वर्णनावर बोट ठेवलं. म्हणाल्या, झँथोरिया या गटातलं असावं, पण त्यातली जात कुठली हे फोटोवरून सांगणार नाही. आणि एक युक्तीही सांगितली. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकल्यावर ते लालजांभळं झालं, तर निदान नारिंगी रंगद्रव्याची तरी खात्री पटेल. मग रीडरमध्ये दगडफुलांवरची दोन फीड वाढली. त्या बाईंचंही वाढवलं, कारण मॅस्टोडॉनवरच्या सार्वजनिक प्रोफाइलच्या पत्त्यापुढे ‘डॉट आरएसएस’ लिहिलं की त्याचंही फीड मिळतं.

खासगी गप्पांना मात्र ही जागा नाही. तिथले खासगी निरोप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर तो ते वाचू शकतो. शिवाय निरोपात तिसऱ्या कुणाचा पत्ता ॲट-चिन्हासकट लिहिला तर त्यालाही तो जातो. म्हणून ते बोलणं सिग्नल या मेसेजिंग ॲपवर.

सर्व्हर बंद पडायची धास्तीही असतेच. खातं हलवलं तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. त्यामुळे आपण कुणाला फॉलो करतो ती यादी अधूनमधून उतरवून ओपीएमएलच्याच फोल्डरमध्ये ठेवते. जुन्या ॲपवरचं खातं अजून आहे. काही जण तिथून हलायला तयार नाहीत, आणि त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. सूचना बंद केल्यात, उघडते तेही ब्राउझरमधून, निरोप बघण्यापुरतं.