मागच्या पायाखालची पट्टी

लेथ (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरवून कापणारं मशीन) नव्या जागी बसवून झाला होता. लेव्हल, म्हणजे सपाटी बघायचं बबलवालं उपकरण, शून्यावर होती. उभी, आडवी, हेडस्टॉकच्या बाजूला (जॉब फिरवणारं टोक), टेलस्टॉकच्या बाजूला (त्याच्या समोरचं, आधार देणारं टोक), सगळीकडे बबल मधोमध. ही 0.02 ची लेव्हल. मीटरभर लांबीत एक टोक 0.02 मिलिमीटरनं वर गेलं, तरी बबल एक घर सरकतो. लेव्हल उलटी फिरवून ठेवली, तरी तेच. फाउंडेशन बोल्ट आवळले, पुन्हा तपासलं आणि मनातल्या मनात घरी जायची गाडीही पकडली.

मग टेस्ट कट घेतला आणि गाडी चुकली.

लेथ जुना होता. सेंटर हाइट (जॉबच्या मधल्या रेषेची उंची) 300 मिलिमीटर, वजन चार टनांच्या आसपास. एका शेडमधून उचलून दुसऱ्या शेडमध्ये बसवायचा, एवढंच काम. लेथचा जास्त भार हेडस्टॉककडे असतो, मापानं मधोमध धरून उचलला तर तोंडावर पडतो. म्हणून सॅडल (टूल घेऊन सरकणारा भाग) आणि टेलस्टॉक पार टोकाला नेऊन लॉक केले, तेल काढून घेतलं (मशीन कललं की पोटातलं तेल पळतं, आणि तेलामागे तोलही), पट्टे लावले, दोन इंच उचलून थांबलो, मगच पुढे. पट्टे फार फाकू द्यायचे नाहीत, हे मी नव्या पोरांना दरवेळी सांगतो. दोन पट्टे जमिनीशी 30 अंशांवर आले की प्रत्येकावर अख्ख्या मशीनएवढा ताण येतो. "दोघांत अर्धं अर्धं ना?" असं म्हणणारा एकजण दरवेळी निघतोच. नव्या जागी फेज उलटे होते, म्हणजे मोटर उलटी फिरली असती. मोटरचे बेल्ट आधीच काढून ठेवले होते, दोन वायरी अदलाबदल केल्या, झालं. इथवर सगळं नेहमीचं.

टेस्टसाठी चकमध्ये (हेडस्टॉकवरच्या जॉब पकडणाऱ्या जबड्यात) 50 मिलिमीटरचा बार धरला, टेलस्टॉकचा आधार न देता. बारवर दोन कॉलर (कड्यासारखे उंच भाग), मध्ये 250 मिलिमीटर अंतर. टूलला हात न लावता दोन्हींवरून एकच बारीक कट. दोन्ही सारख्या यायला हव्या होत्या. चककडची कॉलर 48.00 आली, मोकळ्या टोकाची 47.95.

"बार दबला असेल," मदतनीस म्हणाला.

दबला असता तर टूलपासून लांब गेला असता आणि मोकळं टोक जाड आलं असतं. इथे ते बारीक येत होतं. म्हणजे टूल चकपासून जसं लांब जाई, तसं आत शिरत होतं. हेडस्टॉक आम्ही खोललाच नव्हता, म्हणजे तिथे बिघडायचं कारण नव्हतं. लेव्हल पुन्हा लावली. बबल मधोमध, अगदी साळसूद.

या लेथचा ऑपरेटर त्याच्याबरोबरच नव्या शेडमध्ये आला होता. वयानं मोठे, म्हणून आम्ही त्यांना काका म्हणत होतो. सकाळपासून स्टुलावर बसून गप्प बघत होते. दुसरा कट झाला तेव्हा उठून आले.

"माझी पट्टी कुठाय?"

"कसली पट्टी, काका?"

"मागच्या पायाखालची. टेलस्टॉककडच्या."

मदतनीसानं मान खाली घातली. मशीन उचलल्यावर जुन्या जागेवर तेलानं काळी पडलेली, घडी घातलेली एक पितळी पट्टी दिसली होती. त्यानं ती कचऱ्याबरोबर लोटली. त्याला काय बोलणार? जागा साफ कर म्हणून मीच सांगितलं होतं. वायरींना नंबर लावले होते, पॅनलचे फोटो काढले होते, पाइपांना खुणा केल्या होत्या. पायांचा फोटो एकही नाही.

काकांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत तीच पट्टी.

"कचऱ्यातनं उचलली. तुम्ही एवढी काचेची लेव्हल लावून बसला होता, म्हटलं बघू तरी, काय करतात."

मायक्रोमीटर लावला. घडीसकट 0.35 मिलिमीटर. पण ही पट्टी होती जुन्या फरशीच्या मापाची. इथे पाया वेगळा, वेज (पायांखालच्या पाचरी) वेगळे. तसं सांगितल्यावर काकांचा चेहरा पडला. माझ्या लेखी मात्र तिची जाडी नाही, जागा मोलाची होती. मागचा पाय, टेलस्टॉककडचा. तेवढ्यावर कोडं सुटलं.

बहुतेक जॉब चकजवळच होतात. त्यामुळे तिथे बेडचा (ज्यावर सॅडल सरकतं त्या लांब पायाचा) पुढचा मार्ग वर्षानुवर्षं घासला गेला होता. तिथे सॅडल पुढून खचतं, ऑपरेटरकडे झुकतं आणि त्याबरोबर टूल जॉबपासून किंचित मागे येतं. चकपासून लांब बेड धड, तिथे टूल नीट उभं राहतं, म्हणजेच तुलनेनं आत जातं. कुणीतरी शहाण्यानं टेलस्टॉककडचा मागचा पाय उचलून बेडलाच थोडा पीळ दिला होता, म्हणजे सॅडल तिथेही तेवढंच झुकावं. मी सरळ बेड बसवून तो पीळ काढून टाकला होता.

बोल्ट सैल केला. मागचा वेज थोडा वर, बोल्ट आवळ, कट, मोजणी. दोन कॉलरमधला फरक 0.04. पुन्हा. 0.03. एकदा जास्त उचलला तर उलटा टेपर (निमुळतेपणा) आला, परत खाली. सातव्या कटला फरक 0.005 वर आला. तेव्हा सहज त्या टोकाला लेव्हल आडवी ठेवली. बबल काचेच्या टोकाला जाऊन चिकटला होता.

आता रिपोर्ट. ताबा घेणारा इंजिनिअर तरुण होता. फॉर्मवर लेव्हलचा रकाना होता आणि त्याला तिथे 0.02 च्या आतला आकडा हवा होता. त्याचंही चुकत नव्हतं. मशीन नवं असतं तर मीही हटून बसलो असतो. "तुम्हाला बबल सरळ हवा की जॉब?" हे वाक्य ओठांवर आलं होतं, पण गिळलं. बार त्याच्या हातात दिला. त्यानं स्वतःचा मायक्रोमीटर आणून तीनदा मोजला. मग म्हणाला, दोन्ही लिहा. लेव्हलच्या रकान्यात "टेलस्टॉककडे आडवी लेव्हल स्केलबाहेर, बेडच्या झिजेमुळे मुद्दाम" असं लिहिलं, खाली कॉलरचे आकडे. सहीला आणखी अर्धा तास लागला. कुणाला तरी फोन झाले.

सामान आवरताना काकांना विचारलं, ती पट्टी पहिल्यांदा घातली कुणी?

"माझ्या आधीच्यानं. मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, मी आलो तेव्हा होतीच."

पट्टी पुन्हा पुडीत गेली. काकांनी पिवळा रंग मागून आणला आणि मागच्या पायावर लिहायला बसले: हात लावू नये. फोटो मी तेव्हा काढला.